संगणकावर घडवलेली १९९२ ची सेडान : वाचकांचे प्रश्न

‘ऑटोमेशन’ हा संगणकावर इंजिनापासून पत्र्यापर्यंत अख्खी मोटार घडवायचा खेळ आहे. त्याबद्दल या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच स्पर्धेविषयी आहेत, म्हणून तिच्या अटी आधी देतो. कंपनी काल्पनिक, बाजार भारतीय, गाडी चार दारांची सेडान. ट्रिमचं (विकायला आणलेल्या आवृत्तीचं) साल १९९२. मॉडेलचं (मूळ गाडीचं) साल त्याआधीचं चालेल. इंजिन १२०० सीसीच्या आत, इंधन शिसेयुक्त साधं पेट्रोल, उत्पादनखर्चाला कमाल मर्यादा. ड्रायव्हेबिलिटी (चालवायला किती सोपी), आराम, अ‍ॅव्हरेज आणि भरवसा यांना गुण आहेत. दिसण्याचे गुण परीक्षक स्वतः देणार.

प्रश्न : माझ्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६२ मिलिमीटर आहे. वरच्या आरपीएमला ताकद छान मिळते, पण ड्रायव्हेबिलिटी आणि अ‍ॅव्हरेज दोन्हींत मार खातो. कॉम्प्रेशन वाढवलं की नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याची) सूचना येते. काय बदलू? (रामबाग, इंदूर)

उत्तर : तुमचं इंजिन ११८५ सीसीचं आहे, म्हणजे अटीत बसतं, पण ते शर्यतीच्या गाडीचं आहे. ७८ च्या बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात, त्यामुळे वर श्वास मोकळा मिळतो आणि खाली टॉर्क पडतो. बोअर ७१ आणि स्ट्रोक ७५ करून पाहा. ०.७८५४ × ७१ × ७१ × ७५ × ४ केलं की ११,८७,७०० घन मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे ११८८ सीसी. आरपीएमची मर्यादा ५८०० ठेवा. पिस्टनचा सरासरी वेग स्ट्रोकच्या दुपटीला सेकंदातल्या फेऱ्यांनी गुणून मिळतो : २ × ०.०७५ × ९६.७, म्हणजे सेकंदाला साडेचौदा मीटर. एवढ्याला साधा ओतीव क्रँक, ओतीव कनेक्टिंग रॉड आणि ओतीव पिस्टन पुरतात. घडीव भागांवर घातलेला पैसा या गाडीत वाया जातो.

नॉकिंगचं मूळ क्रमात आहे. बरेच जण आधी कॉम्प्रेशन ठरवतात आणि मग कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, हात घालतात. कॅम जितका तिखट, तितका इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि कमी आरपीएमला सिलिंडरमधला प्रत्यक्ष दाब कमी होतो. म्हणून कॅम बदलला की नॉकिंगची सीमाही सरकते. आधी कॅम प्रोफाइल ३० वर ठेवा, मग कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट ठरवा. त्यानंतर कॉम्प्रेशन ०.१ ने चढवत जा. सूचना आली की एक पायरी खाली या. इग्निशन टायमिंग सगळ्यांत शेवटी. त्या काळी आपल्या पंपांवर ८७ आणि ९३ ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं, तेव्हा कॉम्प्रेशन साडेआठच्या आसपास अडकलं तर त्यात काही चुकलेलं नाही.

५५०० आरपीएमला ८० न्यूटन-मीटर टॉर्क टिकला तर ८० × ५५०० ÷ ९५४९, म्हणजे ४६ किलोवॉट किंवा साधारण ६२ अश्वशक्ती मिळते. या गाडीला तेवढी भरपूर झाली. मोजमापासाठी खऱ्या गाड्या समोर ठेवा : प्रीमियर ११८ एनईमधलं निसानचं इंजिन ७३ × ७० चं, ११७१ सीसीचं होतं, मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन ६८.५ × ७२ चं, ७९६ सीसीचं.

फ्युएल इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) दोन्ही काढा. शिसं कन्व्हर्टर निकामी करतं. बिनशिशाचं पेट्रोल आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून, तेही आधी चार महानगरांत आलं. १९९२ च्या देशी सेडानला कन्व्हर्टर लावलेला दिसला की परीक्षक गुण कापतील आणि ते योग्यच ठरेल.

प्रश्न : क्वालिटीचे सगळे स्लायडर अधिक ५ वर ठेवले तर खर्च मर्यादेबाहेर जातो, शून्यावर ठेवले तर गुण कमी पडतात. मधला आकडा कोणता? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : सगळ्यांना मिळून एक आकडा शोधणं हीच चूक आहे. स्लायडर उणे १५ ते अधिक १५ असा जातो आणि वरची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग पडते. सगळे शून्यावर आणा आणि एका वेळी एकच स्लायडर एका पायरीने वाढवा. वहीत दोनच आकडे लिहा : खर्च किती वाढला आणि गुण मिळणारा आकडा किती वाढला. सगळ्या भागांची अशी फेरी झाली की कमी पैशांत जास्त गुण देणारे तीन-चार भाग आपोआप वर येतात. फॅमिली सेडानमध्ये ते बहुधा अंतर्भाग, सस्पेन्शन आणि इंजिनाची इंधनव्यवस्था असतात. पैसा तिथे घाला. बाकीचे शून्यावर असू द्या, आणि उणेकडे नेताना भरवशाच्या आकड्यावर नजर ठेवा, तो लगेच घसरतो.

स्लायडरआधी जिथे नकळत पैसा जातो ते पाहा. चासीला गॅल्वनाइज्ड स्टील घेतलं तर गाडी गंजत नाही, पण या स्पर्धेत गंजरोधाला गुण नाहीत. साधं स्टील घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे पॅनेल नकोत. ८५० किलोच्या गाडीला पॉवर स्टिअरिंगचाही फारसा उपयोग नाही. त्या पैशात बरी आसनं येतात.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझी काल्पनिक कंपनी इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखाना काढून १९९२ मध्ये आपली पहिली गाडी आणते, अशी पार्श्वभूमी लिहिली आहे. ती पटेल का? आणि गाडी त्या काळातली दिसण्यासाठी काय करू? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : जागा तू फार चांगली निवडली आहेस. हिंदुस्तान मोटर्सच्या पीथमपूरच्या कारखान्यात इसुझूची इंजिनं बनत, आणि काँटेसा क्लासिकमध्ये इसुझूचंच १८१७ सीसीचं इंजिन असे. आयशरचे मित्सुबिशीच्या सहकार्याने बनणारे ट्रकही तिथलेच. अडचण परवान्याची आहे. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचे परवाने उठले, पण प्रवासी मोटारींचा परवाना १९९३ मध्ये उठला. म्हणजे १९९२ मध्ये कोऱ्या पाटीच्या कंपनीने सेडान आणली, हे जाणकाराला खटकेल. तुझ्या कंपनीला जुनी करून टाक : आधीपासून टेंपो किंवा ट्रक बनवणारी, हातात परवाना असलेली, परदेशी कंपनीशी तांत्रिक करार केलेली.

तोच धागा गाडीच्या अंगालाही लागू कर. काँटेसाचं अंग व्हॉक्सहॉलच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीचं, ११८ एनईचं फियाट १२४ चं. १९९० ची मारुती १००० हा त्यातला ताजा अपवाद. तेव्हा तू मॉडेलचं साल १९७४-७५ च्या आसपास घे, अंग त्या काळचं निवड आणि ट्रिम १९९२ ची ठेव; अट ते चालवून घेते. तुझ्या कथेला त्याने वजन येईल आणि जुन्या तंत्रामुळे खर्चही उतरेल. सुरक्षिततेचा आकडा पडेल, पण त्याला इथे गुण नाहीत.

आता रूप. नव्या गाडीचं सोंग आणलेली जुनी गाडी, असं १९९२ चं बरंचसं चित्र होतं. मूळ अंगावर नंतर चढवलेल्या गोष्टी दिसू देत : काळं प्लास्टिकचं ग्रिल, न रंगवलेले काळे बंपर, चौकोनी काचेचे हेडलाइट, कोपऱ्यात नारिंगी इंडिकेटर. चाकं १३ इंची, टायर १५५ रुंदीचे, चाकावर छोटी टोपी. चाक आणि फेंडर यांच्यामध्ये फट राहू दे. आपल्या रस्त्यांसाठी गाडी उंच असायची, आणि जमिनीला टेकलेली देशी सेडान पाहिली की काळ मोडतो.

काम करताना अंगाची ओढाताण (आकार ताणून बदलणं) पूर्ण झाल्याशिवाय एकही दिवा लावू नकोस. नंतर अंग ओढलं तर त्यावरचे सगळे फिक्श्चर (दिवे, ग्रिल असे वरून बसवायचे भाग) ताणले किंवा सरकले जातात, आणि बॉनेट आखडलं तर इंजिनच बसेनासं होतं. दोन फिक्श्चर एकाच खोलीवर ठेवले तर पृष्ठभाग लुकलुकतो. एक केसभर पुढे घे. दिवा दाराच्या किंवा डिक्कीच्या फटीवरून ओलांडून जात असेल तर तो दोन तुकड्यांत लाव, नाहीतर डिक्की उघडणार कशी, हा प्रश्न परीक्षक विचारतातच. शेवटी नंबरप्लेट, वायपर आणि किल्लीची भोकं विसरू नकोस.

प्रश्न : गाडी बीमएनजी या गाडी चालवायच्या खेळामध्ये नेऊन चालवली. जोरात ब्रेक दाबला की मागची बाजू फिरते. चारही चाकांना सारखे डिस्क दिले आहेत, मग असं का? (विजय नगर, इंदूर)

उत्तर : सारखे दिले म्हणूनच. गाडी ८५० किलोची, व्हीलबेस २.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटरवर आणि उभी असताना भार पुढे ५१०, मागे ३४० किलो असं धरा. ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) ने ब्रेक लावला तर ८५० × ०.८ × ०.५५ ÷ २.४, म्हणजे सुमारे १५६ किलो भार मागून पुढे जातो. पुढे ६६६, मागे जेमतेम १८४. टायरची पकड भारावर असते, म्हणून ब्रेकची ७८ टक्के ताकद पुढे हवी आणि तुम्ही ५० दिली आहे. मागची चाकं आधी अडकतात, अडकलेल्या चाकाला आडवी पकड उरत नाही, आणि शेपटी सुटते.

मागे लहान ड्रम घ्या, पुढे डिस्क राहू द्या. ब्रेकच्या आलेखात पुढची ताकद टायरच्या पकडीच्या जराशी वर आणि मागची पकडीच्या थोडी खाली असावी. मागची फार खाली नेऊ नका : पाच माणसं आणि सामान भरल्यावर मागचा भार वाढतो आणि तिथला ब्रेक कामाला येतो. एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) लावून हा दोष झाकू नका. स्वस्त देशी सेडानमध्ये ते तेव्हा नव्हतंच.

स्प्रिंगचाही थोडा हात असू शकतो. पुढच्या एका कोपऱ्यावर (चाक आणि ब्रेकचं वजन वगळून) २२५ किलो धरून १.४ हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १.४ डोल, हवे असतील तर स्प्रिंग मिलिमीटरला साधारण १७.४ न्यूटनची लागते. मागे १५० किलो आणि १.६ हर्ट्‌झला १५.२ ची. मागची वारंवारता किंचित जास्त ठेवली की उंचवट्यावरून गेल्यावर गाडी डुलत राहत नाही.

प्रश्न : पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तसाच लांब ट्रॅक घेऊन चाचणी केली तर पाचव्या गिअरमध्ये वेग चौथ्यापेक्षा कमी येतो. गिअरबॉक्स चुकला का? (तिलक नगर, इंदूर)

उत्तर : नाही, तसाच असू द्या. १५५/८० आर १३ टायरचा घेर सुमारे १.८२ मीटर. ताशी १४५ किलोमीटरला चाक मिनिटाला १३३० वेळा फिरतं. चौथा गिअर १.०० आणि फायनल ड्राइव्ह ४.१३ असेल तर इंजिन नेमकं ५५०० वर, म्हणजे ताकदीच्या शिखरावर असतं. पाचवा ०.८५ चा असेल तर त्याच वेगाला ४६७५, तिथे ताकद कमी, म्हणून गाडी मागे पडते. पण आग्रा-मुंबई रस्त्यावर ८० च्या वेगाला चौथ्यात ३०३० आणि पाचव्यात २५८० आरपीएम लागतात. अ‍ॅव्हरेज तिथे मिळतं, आणि तुमच्या अटींत कमाल वेगाला गुणच नाहीत.

प्रश्न : फाइल पाठवताना काय तपासावं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : आयोजकाने सांगितलेलीच आवृत्ती वापरा, बीटामधली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मॉडेल आणि इंजिन फॅमिलीच्या (मूळ इंजिनाच्या) नावात स्पर्धेचं व तुमचं नाव, ट्रिम आणि व्हेरियंटच्या (त्या इंजिनाच्या आवृत्तीच्या) नावात गाडीचं नाव, अशी पद्धत सहसा असते. अटींत दुसरी दिली असेल तर ती पाळा. बाहेरून उतरवलेलं अंग किंवा फिक्श्चर वापरलं असेल तर ते आयोजकाकडे असायला हवं, नाहीतर त्याच्याकडे गाडी बिनदिव्यांची उघडते. आणि इंजिन फॅमिलीचं सालसुद्धा पाहा. ट्रिम १९९२ ची आणि इंजिन १९९६ चं, एवढ्यावर प्रवेश बाद होतो.