आईचा आजार मलाही होईल का?

"आईला स्किझोफ्रेनिया होता, मला होणार नाही ना?" स्किझोफ्रेनिया म्हणजे भास-भ्रमांचा मानसिक आजार. मी समुपदेशक, त्यामुळे लग्नाची बोलणी सुरू झाली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी आईच्या जागी वडील असतात, एवढंच.

समीर (नाव बदललंय) 31 वर्षांचा. गाडीची किल्ली कुठे ठेवली ते आठवलं नाही की 'सुरू झालं वाटतं' म्हणत रात्रभर जागायचा. आजोळच्या जमिनीत आईचा वाटा होता, त्यावर मामांना हक्कसोडपत्र द्यायला निघालेला. "त्या घरचं मला काहीच नको, मॅडम."

मी म्हटलं, "होणार नाही असं मी सांगू शकत नाही. आई किंवा वडील आजारी असतील तर शंभरातल्या साधारण दहा मुलांना होतो. एरवी एखाद्याला."

"म्हणजे मी त्या दहांत असू शकतो."

"असू शकता."

बराच वेळ गप्प राहिला. मग पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. "सगळे म्हणतात, काही होत नाही रे. मला ते खरंच वाटायचं नाही."

"आणि समजा झालाच, तर?"

"आईला आठ वर्षं देवऋष्याकडे नेत होते. मी पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे जाईन."

हे त्याचं त्याने शोधलं. पुष्कळ समुपदेशक इथे धीर देतात, मी देत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. 'मला हे होताच कामा नये' हा हट्ट सुटला की माणूस तयारीला लागतो, हे मी वारंवार पाहिलंय.

तयारी म्हणजे काय? पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, तेव्हा समीरचा जास्त धोक्याचा काळ सरत आलाय. किल्ली विसरणं हे काही त्याचं लक्षण नव्हे. कानात आवाज येणं, सगळे आपल्यावर टपलेत असं ठाम वाटणं, माणसं टाळणं असं काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. गांजाला शिवू नका, घरात आजार असेल तर मुळीच नाही.

जमिनीचं म्हणाल, तर आजारामुळे वारसाहक्क जात नाही. 1956च्या हिंदू वारसा कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. समीरने सही केली नाही. मामा फोन उचलत नाहीत, तो भाग वेगळा.

आणि स्थळाला सांगायचं का? सांगायचं. कांदेपोह्यांच्या वेळी नको, पण साखरपुड्याआधी, आजाराचं नाव घेऊन.