एकाच सर्व्हरवरचा वर्ग

मॅडम, देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुलं वेगवेगळी का दिसत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या नाशिकरोडच्या शाळेत सगळी मुलं एकाच रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर (सगळ्यांचं काम ज्यावर चालतं त्या एका मुख्य संगणकावर) बसतात, म्हणजे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा पत्ता) सगळ्यांचा एकच. म्हणून देखरेखीच्या सॉफ्टवेअरला मुलं वेगवेगळी दिसत नाहीत. व्हेयॉन (Veyon, वर्गातले पडदे पाहण्याचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आधी त्याचा मल्टी-सेशन मोड (एकाच संगणकावरची अनेक लॉगिन वेगळी धरण्याची सोय) चालू करा. त्याचा मूळ पोर्ट (जोडणीचा क्रमांक) १११००. प्रत्येक सेशनला, म्हणजे प्रत्येक मुलाच्या लॉगिनला, त्यापुढचा वेगळा पोर्ट मिळतो, म्हणून फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पुढचे पोर्टही उघडा, पण फक्त शाळेच्या नेटवर्कपुरते. खासगी ‘की’ (पडदे पाहण्याची परवानगी देणारी गुप्त किल्लीची फाइल) शिक्षकाच्याच संगणकावर ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि ‘संगणक बंद करा’ हे बटण कृपया लपवाच. एका मुलासाठी दाबलं तर अख्खा वर्ग बंद पडेल. पडदा पाहिला जातो, हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगा.