युरोपात अपघात आणि इजांमुळे होणारे मृत्यू कोणत्या देशांत जास्त आहेत? तुलना कशी करावी?

बाल्टिक देशांत, विशेषतः लिथुआनिया आणि लाटव्हियात, हा दर अनेक वर्षे युरोपीय संघात सर्वांत वरच्या देशांमध्ये राहिला आहे. स्पेन, इटली बरेच खाली. पण 'इजा' म्हणजे फक्त रस्ते अपघात नव्हेत. पडणे, बुडणे, विषबाधा, आत्महत्या, खून, सगळे त्यात येते. लिथुआनियाचा आकडा फुगतो तो मुख्यतः आत्महत्या आणि दारूशी जोडलेल्या मृत्यूंमुळे. तिथे 2018 मध्ये दारू विकत घेण्याचे किमान वय 20 केले आणि जाहिरातींवर बंदी आणली. मला हे पाऊल फार मोलाचे वाटते.

नुसते रस्ते पाहिले तर चित्र बदलते. 2023 मध्ये दर दहा लाख लोकांमागे स्वीडनमध्ये सुमारे 22 मृत्यू, रोमेनिया आणि बल्गेरियात 80 च्या वर.

तुलना करताना वयानुसार प्रमाणित केलेला दरच घ्या, म्हणजे सगळ्या देशांत वयोगटांचे प्रमाण सारखे आहे असे धरून काढलेला. म्हातारी माणसे जास्त असलेल्या देशात पडून होणारे मृत्यू जास्त दिसणारच. कच्चा दर (वयाचा विचार न करता काढलेला) वापरला तर त्या देशावर अन्याय होतो. आणि स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे बघाच, पूर्व युरोपात पुरुषांचा दर कितीतरी जास्त आहे.