तीन लाख भरून गायला जायचं नसतं

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची. आमचं गाव धामणगाव रेल्वेजवळ. वऱ्हाडी बोलीतली माझी गाणी यूट्यूबवर चालली आणि आता इंग्लंडमधल्या तीन शहरांत कार्यक्रम ठरतायत. मधला माणूस म्हणतो, "फिरायच्या व्हिसावर ये, कोणी विचारलं तर मावशीकडे चालली म्हण. तिकीट आणि डिपॉझिटचे तीन लाख आधी भर, मानधनातून वळते करू." बाबा दोन एकर गहाण टाकायला निघालेत. स्टँडवर अभिनंदनाचा बॅनरही लागला. मामेभाऊ पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत ढोलकी वाजवतो, पण त्याला आणू नको, ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या साथीवर गा, असं ते म्हणतात. तो बोलत काही नाही, पण घरी येणं बंद केलंय. नाही म्हटलं तर गाव हसेल. काय करू?
— एक गाणारी

बाई, आधी बाबांना थांबव. आजच.

पाहुण्या कलाकाराला जाण्यायेण्याचं तिकीट, राहणं, जेवण, तिथला प्रवास आणि मानधन आयोजकानं द्यायचं असतं. करारावर सही होताना मानधनाचा काही भाग, बहुधा निम्मा, हातात येतो आणि उरलेला स्टेजवर चढण्याआधी. इथं पैसे तुझ्याकडून तिकडे चाललेत. त्यातून दोनच अर्थ निघतात : कार्यक्रमच नाही, किंवा आहे पण त्याचा खर्च तुझ्या शेतावर काढायचा बेत आहे. आणि सावकाराकडचं गहाण कसं असतं हे तुमच्या भागात सांगायला नको. पैसे देताना कागद विक्रीचा करून घेतात आणि परत मागायला गेलं की "तुम्ही तर विकलं होतं" हे ऐकावं लागतं. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अशी जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते, पण त्यात वर्षं जातात.

बाबा कदाचित म्हणतील, व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात. कर्जाचे तीन लाख अचानक जमा झाले तर अर्ज उलट कच्चा होतो. पैसा कुठून आला, हे अधिकारी पाहतातच. खर्च आयोजक करणार असेल तर त्याच्या पत्रात तसं स्पष्ट हवं आणि त्याचे बँकेचे कागद सोबत. घरच्या उत्पन्नासाठी कापूस-सोयाबीन विकल्याच्या बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि सहा महिन्यांचं पासबुक लाव. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क त्यावर पाहिजे. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात टाईप करून आणलेलं नुसतं पान चालत नाही.

आता मावशी. हे खोटं दहा मिनिटांत उघडं पडतं. तिकडच्या विमानतळावर बॅगेत नऊवारी, घुंगरू, माईक आणि फोनमध्ये तुझ्याच फोटोचं पोस्टर. खोटं बोलून प्रवेश घेतल्याचं ठरलं तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद ठेवू शकतं, आणि पुढे दुसऱ्या देशांच्या अर्जातही "कधी नकार मिळाला का" हा रकाना असतो. मधल्या माणसाचं काही जात नाही, शिक्का तुझ्या नावावर बसतो.

आणि खोटं बोलायची गरजही नाही. पैसे घेऊन थोडे दिवस गायचं असेल, तर साध्या व्हिजिटर व्हिसातच त्याची सोय आहे. जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून ती त्यातच धरली जाते. अटी मात्र पक्क्या : वय किमान १८, गाणं हाच तुझा व्यवसाय असल्याचा पुरावा, कार्यक्रम जाण्याआधीच ठरलेले, अर्जात ते नमूद केलेले, आणि पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत सगळे उरकलेले. निमंत्रण ब्रिटनमधल्या कला-मनोरंजन क्षेत्रातल्या संस्थेचं, एजंटचं किंवा प्रसारण संस्थेचं लागतं. ओळखीच्या कुणा भाऊंचं चालत नाही. बहुतेक दौऱ्यांचं घोडं इथंच अडतं, कारण बोलावणारा हौशी गट असतो. अशा वेळी त्यानं परवानाधारक प्रायोजक, म्हणजे परदेशी कलाकार बोलावायचा सरकारी परवाना असलेली संस्था गाठून तुझ्यासाठी प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र काढायचं आणि तू क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा मागायचा. परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. त्या माणसानं दिलेलं नाव तिथं शोध, पाच मिनिटांचं काम आहे.

पुरावा म्हणून चॅनलची पानं, कार्यक्रमांची पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि मानधन खात्यात आल्याच्या नोंदी जोड. रोख घेतलेल्या कार्यक्रमांचा इथं काही उपयोग होत नाही. यापुढे मानधन खात्यावरच घे. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. टीबीच्या तपासणीचे पैसे कुणी मागितले तर देऊ नको, ती सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना लागते. आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावाचंच हवं. चॅनलवरचं नाव पोस्टरपुरतं.

करात फसवायलाही वाव असतो. परदेशी कलाकाराला पैसे देताना २० टक्के कर आयोजकानं कापायचा, हा तिकडचा नियम खरा आहे. पण करवर्षात तुझ्यावर झालेला एकूण खर्च, मानधन आणि तिकिटासकट, १२,५७० पौंडांच्या आत असेल तर कापायची गरज नसते. "टॅक्स गेला" म्हणाले की कर कापल्याचं प्रमाणपत्र माग. मानधन थेट खात्यावर यायला स्विफ्ट कोड लागतो. जिल्हा बँकेच्या गावातल्या शाखेत तो बहुधा मिळत नाही, म्हणून धामणगावात एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडून ठेव.

मामेभावाचं दुखणं मात्र कागदानं मिटणार नाही. एकट्या गायिकेला बोलावलं की खर्च निम्मा होतो, म्हणून लहान दौरे ट्रॅकवरच होतात. यात त्याच्या हाताला कुणी कमी लेखलेलं नाही, पण हे त्याला तुझ्या तोंडून कळायला हवं, आणि त्याच्या घरी जाऊन. आधी आयोजकाला विचार, त्याचं तिकीट आणि त्याच्या नावाचं निमंत्रण देता का. 'नाही' आलं तर ट्रॅकमधली ढोलकी त्याचीच ठेव. नागपूर किंवा अमरावतीच्या स्टुडिओत त्याला वेगळ्या ट्रॅकवर वाजवायला लाव, त्याचे पैसे दे, आणि दर कार्यक्रमात त्याचं नाव घ्यायचं हे करारातच लिहून घे.

रेकॉर्डिंग करतानाच दोन पट्ट्यांत करून घे. समजा तू काळी दोनमध्ये गातेस, तर पांढरी दोनचाही ट्रॅक हवा. लागोपाठ दोन दिवस गायल्यावर तिसऱ्या दिवशी वरचा स्वर चिरकतो, तेव्हा अर्धा स्वर खाली असलेला ट्रॅक कामी येतो. फाईल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. डाव्या बाजूला संगीत, उजव्या बाजूला फक्त तुझ्या कानासाठी लयीचे ठोके, सुरुवातीला दोन आवर्तनं मोजणीची. हमखास होणारी चूक अशी : साऊंडवाला दोन्ही बाजू मिसळतो आणि टकटक सगळ्या हॉलला ऐकू जाते. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात "उजवी बाजू हॉलला नाही" हे इंग्रजीत लिहून त्याच्या टेबलावर चिकटव. ट्रॅक लॅपटॉपवर आणि दोन पेनड्राईव्हवर असू दे. फोनवरून वाजवायची वेळ आली तर तो विमान मोडवर टाक, नाहीतर ऐन गाण्यात आईचा फोन वाजतो. बिनतारी माईक नेऊ नको, तिकडच्या फ्रिक्वेन्सी आणि परवाने वेगळे असतात. कानातला मॉनिटर तारेचाच ने.

गळ्याचं फार नाही : विमानातली हवा कोरडी असते, घोट घोट पाणी पीत राहा, पहिल्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पोच, घसा बसला तर कुजबुजू नको, गप्प राहा.

लोक हसायचं म्हणशील, तर बॅनरवर तारीख नसेल तर काहीच अडत नाही. असेल तर "कागदपत्रं सुरू आहेत" एवढंच सांग, ते खरंही आहे.

मधल्या माणसाला आज हे लिहून पाठव : "बोलावणाऱ्या संस्थेचं नाव आणि पत्ता, हॉलच्या बुकिंगची पावती, तिन्ही कार्यक्रमांच्या तारखा, मानधन आणि ते कधी मिळणार, व्हिसाचा प्रकार, हे संस्थेच्या पत्रावर पाठवा. मी आगाऊ काही भरणार नाही." आठवड्यात पत्र आलं तर ते घेऊन वकिलाकडे जा, आणि त्यात कार्यक्रमाचं चित्रीकरण कायमचं त्यांच्या मालकीचं असं कलम असेल तर ते खोडायला लाव. पत्राऐवजी "विश्वास नाही का" असा फोन आला, तर तो उचलल्यावर जास्त बोलत बसू नको.