तीन दुकानांत माल वेगवेगळा ठेवावा की एकमेकांत फिरवावा?

तुमची तीन दुकानं आहेत, एकात माल धूळ खात पडतो आणि दुसऱ्यातून गिऱ्हाईक परत जातं, तर माल एकमेकांत फिरवावा का असं विचारलंय. फिरवा, पण सगळा नाही. माझी टू-व्हीलर स्पेअर पार्टची दुकानं सातारा, कराड आणि कोल्हापूरला आहेत, त्यावरून सांगतो.

समजा एका मॉडेलचे हेडलाईट प्रत्येक दुकानात महिन्याला सरासरी १० जातात, पण कधी ५ तर कधी १६, म्हणून प्रत्येक जण ८ जास्तीचे धरून १८ ठेवतो, तिन्हीकडे मिळून झाले ५४. आता साताऱ्याला जास्त खपले त्या महिन्यात कोल्हापूरला बऱ्याचदा कमी खपलेले असतात, चढउतार एकमेकांत जिरतो, त्यामुळे जास्तीचा माल ८ च्या तिप्पट लागत नाही, ३ च्या वर्गमुळाइतका म्हणजे १.७३ पट लागतो, साधारण १४. म्हणजे ५४ ऐवजी ४४ मध्ये काम भागतं.

पण हे कधी, तर तिन्ही गावांची मागणी एकदम वरखाली होत नसेल तेव्हाच. पावसाळ्यात ब्रेक शू तिन्हीकडे एकाच आठवड्यात उठतात, तिथे कोण कोणाला देणार? ते ज्याचे त्याने आधीच भरून ठेवायचे. आणि केबलसारखा स्वस्त माल फिरवू नका, एसटी पार्सलचं भाडं त्यातला नफा खाऊन टाकतं. फिरवायचा तो महाग आणि हळू खपणारा माल.

दुसऱ्याला देताना स्वतःकडे किती राखायचे हे नवीन माल कधी येणार त्यावर ठरवा. उद्या गाडी येणार असेल तर शेवटचा नगही देऊन टाका, पंधरा दिवस लांब असेल तर दोन-तीन हातचे ठेवाच.

खरी अडचण मात्र माणसांची आहे. आमच्याकडे एका दुकानातला मुलगा फोनवर "माल नाही" म्हणायचा आणि रॅकमध्ये चार पीस असायचे, मला फार वाईट वाटलं, पण नंतर विचार केला की त्याचं तरी काय चुकलं, माल त्याने द्यायचा, विक्री दुसऱ्याच्या नावावर, इन्सेंटिव्ह दुसऱ्याला, आणि चार दिवसांनी त्याचंच गिऱ्हाईक परत गेलं तर बोलणी त्याला. आता दुसरीकडे पाठवलेल्या नगावर निम्मा इन्सेंटिव्ह देणाऱ्या दुकानाला जातो आणि तिन्ही दुकानांचा स्टॉक एकाच शीटवर सगळ्यांना दिसतो, तेव्हापासून लपवालपवी बंद झाली. तुम्ही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी हे ठरवा, अगदी कळकळीने सांगतो.

तिन्ही दुकानं एकाच राज्यात एकाच जीएसटी नंबरवर असतील तर माल हलवताना टॅक्स लागत नाही, डिलिव्हरी चलनावर जातो. दुकान दुसऱ्या राज्यात असेल तर मात्र तिथला नंबर वेगळा, मग टॅक्स लावून इन्व्हॉइस करावं लागतं, आणि तो हिशोब सीएला विचारूनच करा.