जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग घरी बदलता येतात का, की गॅरेजलाच द्यावी?

येतात. ‘गॅरेजवाला म्हणतो हे घरचं काम नाही’ असं तुम्ही लिहिलंयत, त्या वाक्यासाठीच उत्तर लिहायला बसलो. आमच्या थोरल्या मेहुण्यांकडून हेच वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

माझीही तुमच्यासारखीच महिंद्राची एमएम ५४० जीप. पुढे सलग अ‍ॅक्सल, खाली स्प्रिंगचे पाटे. डाव्या चाकातून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. उजवीकडे वळलं की वाढायचा, कारण तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. मी बाहेरगावी होतो म्हणून मेहुण्यांनी आपुलकीने गाडी त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात नेली आणि बेअरिंग बदलून घेतले. पैसेही त्यांनीच दिले. नंतर ऐन पावसात ताम्हिणीमार्गे माणगावला निघालो, तर मुळशीच्या पुढे करपलेल्या ग्रीसचा वास यायला लागला. उतरून डाव्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागावर, बाटलीतलं पाणी ओतलं, चर्रकन वाफ झाली. उजवा हब नुसता कोमट. घाटाचा उतार अजून लागलाच नव्हता, म्हणजे ब्रेक तापलेत म्हणायलाही जागा नव्हती. मागे बायको-मुलं बसलेली. थांबत थांबत गाडी परत पुण्यात आणली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक उघडलं. हब नटच्या कडा छिन्नीने पार चावून टाकलेल्या. नट फिरू नये म्हणून दुमडायच्या लॉक वॉशरची जीभ मोडलेली. आतला कोन, म्हणजे रोलर असलेलं कडं, नवा कोरा, पण कप, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेलं बाहेरचं कडं, जुनाच ठेवलेला. दोघांवर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं! कपात जिथे रोलर फिरतात तिथे निळसर पट्टा उमटलेला आणि त्यात खवले सुटलेले. पोलाद निळं पडतं ते तापल्यावरच. कप हबमधून ठोकून काढायला वेळ लागतो, म्हणून तो कोणी काढलाच नव्हता. याला मी काम म्हणत नाही. कप आणि कोन एकाच कंपनीचे, जोडीनेच बदलायचे, आणि ग्रीस आत ठेवणारं ऑइल सील दर वेळी नवं.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात. जुन्या बेअरिंगवरचा नंबर आधी पुसून वाचा आणि तो नंबर सांगून मागा. ‘जीपचं द्या’ म्हणू नका. बनावट माल भरपूर आहे. कडेवर कोरलेली अक्षरं पुसट किंवा वाकडी दिसली तर दुकान बदला. हब नटचा बॉक्स पाना माझ्या गाडीला दोन इंचांहून जरा मोठा लागतो. तुमचा नट मोजून घ्या. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गेलात तर असा पाना स्वस्तात मिळून जातो. छिन्नीला हात लावायचा नाही.

उघडायचं कसं ते तुम्हाला ठाऊक असणारच. कप बसवताना मात्र घाई नको. पितळेच्या दांडीने चहूबाजूंनी थोडं थोडं ठोका. कप तळाला टेकला की ठोक्याचा बद्द आवाज एकदम टणक होतो. कोनात ग्रीस तळहातावर घेऊन रुंद बाजूने दाबायचं, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून वर येईपर्यंत. वरवर फासलेलं ग्रीस आत पोचत नाही.

आता नट. आमचा खरा वाद इथेच. मी काम करत होतो आणि मेहुणे खुर्ची टाकून शेजारी बसले होते. ‘आवळ अजून. चाक निघून गेलं म्हणजे?’ मी म्हटलं, ‘दादा, चाक आवळल्याने टिकत नाही, लॉक वॉशर आणि त्याच्यावर बसणाऱ्या दुसऱ्या नटने, चेक नटने टिकतं.’ हे कप-कोनाचं बेअरिंग म्हणजे टेपर रोलर बेअरिंग. त्याचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली घेतलं. ते घोडागाड्या बनवायचे. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो, तो पेलायला रोलर तिरके ठेवलेले असतात. तिरके असल्यामुळेच नट फिरवला की ते कपात घट्ट किंवा सैल होतात. फार आवळलं की ग्रीसचा थर पिळून निघतो, लोखंडावर लोखंड घासतं, आणि तापून फुगलं की आणखी घट्ट होतं. आपली जीप मूळच्या अमेरिकन विलीज जीपच्या घराण्यातली, आणि विलीजची जुनी रीत साधी आहे: चाक फिरवत फिरवत नट आवळा, चाक जड झालं की थांबा, मग नट फेऱ्याचा सहावा भाग मागे घ्या. लॉक वॉशर, चेक नट, आणि जीभ नटाच्या सपाट बाजूवर दुमडा. चेक नट आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण त्याने आतला ताण बदलतो. चाक बोटाने फिरलं पाहिजे आणि वर-खाली धरून हलवलं तर जेमतेम कळेल इतकाच प्ले, म्हणजे ढिलेपणा, हवा.

मेहुण्यांना ते सैल वाटलं, अजूनही वाटतं. त्यानंतर तीच गाडी वरंध घाटातून महाडला जाऊन आली, सपाटीवर हब हाताला कोमटच लागतो. तरी दिवाळीला विषय निघाला की ते म्हणतात, ‘गॅरेजवाल्याचा हात तो हात.’ ज्या हाताने कप बदलला नाही, त्याचा मान मी ठेवणार नाही. अनुभवी मिस्त्रीला मी मानतो, पण त्याने जुना कप माझ्या हातात आणून द्यावा.

एक राहिलंच. बेअरिंग घेण्याआधी दोष तिथेच आहे ना, ते बघा. चाक वर-खाली हलवताना कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गायब झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंग पिनकडे (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं) बघा, बेअरिंगवर पैसे घालू नका. जॅकच्या भरवशावर काम नको, अ‍ॅक्सलखाली घोड्या हव्यातच. डोळ्यांना चष्मा लावा, बेअरिंगचं पोलाद ठिसूळ असतं, तुकडा उडतो. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसांना घातक. गरम हबनिशी ओढ्यात उतरलात तर आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढते, म्हणून पावसाळा संपला की ग्रीस बघा. आणि हे सगळं कप-कोनवाल्या हबचं. तुमच्या गाडीला आधीच्या मालकाने दाबून बसवायचं सीलबंद बेअरिंग घातलं असेल, तर त्याला प्रेस (दाबयंत्र) लागतो; तिथे मात्र तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे.