मेक-डॉट-कॉन्फला हात लावण्याआधी

जेंटू, म्हणजे बहुतेक सगळं सोर्समधून आपल्याच मशीनवर कंपाइल करणारं लिनक्स, पहिल्यांदाच टाकतोयस ना? मग कुणा जाणकाराची मेक-डॉट-कॉन्फ (कंपाइलच्या सेटिंगची फाइल) उचलून आपल्याकडे चिकटवू नकोस. सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचनांत, ओ-टू (ऑप्टिमायझेशनची पातळी), पाईप आणि मार्च-नेटिव्ह, एवढं पुरे. ओ-थ्रीने सगळं पळायला लागेल हा भ्रम आहे, बायनरी, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइली, मात्र फुगतात. फास्ट-मॅथ तर सगळ्या सिस्टिमला लावूच नकोस, गणितं चुकतात. मार्च-नेटिव्ह म्हणजे तुझ्याच प्रोसेसरच्या मापाने शिवलेला सदरा. तीच डिस्क जुन्या प्रोसेसरला जोडलीस तर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत प्रोग्रॅम आडवे पडतील.

खरी गोम मेकऑप्ट्समध्ये, म्हणजे एका वेळी किती कंपाइल जॉब चालवायचे या सेटिंगमध्ये, आहे. माझ्याकडे १६ थ्रेड होते आणि रॅम ८ जीबी. हौसेने जे-१६ (एका वेळी १६ जॉब) लिहिलं, क्रोमियम ब्राउझर कंपाइलला लावला आणि झोपलो. सकाळी माउससुद्धा हलेना, स्वॅप तुडुंब! दर जॉबला २ जीबी धर आणि थ्रेडची संख्या व रॅमचं निम्मं यांतला लहान आकडा घे. म्हणजे मला जे-४.

यूज फ्लॅग म्हणजे पॅकेजमध्ये कुठल्या सोयी हव्यात-नकोत हे सांगणाऱ्या खुणा; त्यांची भलीमोठी ग्लोबल यादी करू नकोस. प्रोफाइल (जेंटूचा तयार सेटिंगचा संच) नीट निवडलंस की बरंचसं जमतं. एखाद्या पॅकेजपुरता बदल पॅकेज-डॉट-यूजमध्ये टाक. मग इमर्ज या पॅकेज बसवणाऱ्या कमांडला आस्क, व्हर्बोज आणि न्यूयूज हे पर्याय देऊन यादी वाच. फ्लॅगपुढे वजा म्हणजे बंद, शेवटी तारा म्हणजे मागच्या वेळेपेक्षा बदललेला. ‘यस’ त्यानंतरच.

आणि हो, डिसेंबर २०२३ पासून जेंटूकडूनच तयार बायनरीही मिळतात. लिब्रेऑफिस घरीच शिजवायचा हट्ट निदान पहिल्या आठवड्यात नको.